पाळी-बससेवा

निरनिराळ्या वेळी सुरू होणाऱ्या पाळ्यांत काम करणाऱ्या कामगारांची घर व कामाचे ठिकाण यांदरम्यान ने-आण करण्यासाठी आखलेली बसवाहतूक. कारखाने, वीजनिर्मिती केंद्रे, रुग्णालये, बंदरे, माहिती-तंत्रज्ञान कार्यालये इ. ठिकाणी तिची आवश्यकता असते. सर्वसाधारण बसगाडी उशिरा आली, तर तिच्यातील प्रवाशांचाच खोळंबा होतो. पाळी-बस उशिरा आली, तर जो कामगार तिच्यात नाही त्याचाही खोळंबा होतो. कारण अखंड प्रक्रियेच्या उद्योगात बदलीचा कामगार हजर होईपर्यंत आधीच्या पाळीतील कामगारास यंत्र सोडून जाता येत नाही. म्हणून ही सेवा केवळ कामगार-कल्याणाची सोय नसून उत्पादनव्यवस्थेचाच एक भाग ठरते.

पार्श्वभूमी : मुंबईत १८५४ मध्ये पहिली कापडगिरणी स्थापन झाली व पुढे परळ, लालबाग, वरळी या भागांत गिरणगाव वसले. तेथील बहुसंख्य कामगार गिरणीच्या आसपासच्या चाळींत राहत. भोंगा ऐकून पायी कामावर जाता येत असल्याने पाळीसाठी वेगळ्या वाहनाची गरज भासत नसे. मुंबईत मोटारबसची सेवा १५ जुलै १९२६ रोजी सुरू झाली, तर राज्य परिवहनाची पहिली गाडी १ जून १९४८ रोजी पुणे–अहमदनगर मार्गावर धावली. या दोन्ही सेवांचे वेळापत्रक मुख्यतः दिवसाच्या प्रवाशांना धरून आखलेले होते. १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना झाल्यानंतर गावांपासून दूर असलेल्या मोकळ्या जमिनींवर औद्योगिक क्षेत्रे वसविण्यात आली. तेथे पायी पोहोचणे शक्य नव्हते आणि पहाटेच्या व मध्यरात्रीच्या सुमारास नेहमीची गाडी मिळत नसे. त्यामुळे पिंपरी-चिंचवडसारख्या भागांतील मोठ्या कारखान्यांनी स्वतःच्या किंवा भाड्याच्या बसगाड्या चालविण्यास आरंभ केला.

या प्रश्नाचे दुसरे उत्तर म्हणजे कामाच्या जागेजवळच वसाहत उभारणे. पिंपरी येथील हिंदुस्थान अँटिबायॉटिक्स व कोयना जलविद्युत् प्रकल्प यांनी तो मार्ग अनुसरला. तथापि वसाहतीमुळे कामगाराचा कामावर जाण्याचा प्रवास कमी झाला, तरी त्याच्या कुटुंबाचा शिक्षण, बाजार व औषधोपचार यांसाठीचा प्रवास कमी होत नाही. हा फरक रत्नागिरी जिल्ह्यातील अलोरे परिसराच्या उदाहरणाने स्पष्ट होतो.

अलोरे–चिपळूण परिसर : अलोरे हे गाव चिपळूण तालुक्यात, सह्याद्रीच्या पायथ्याशी, चिपळूणपासून सुमारे २० किमी. अंतरावर चिपळूण–कराड मार्गाच्या पट्ट्यात वसलेले आहे. कोयना प्रकल्पाच्या कामांसाठी येथे कार्यालये व कर्मचारी-वसाहत उभारण्यात आली. पोफळी येथील पहिल्या व दुसऱ्या टप्प्यांच्या भूमिगत वीजगृहातून बाहेर पडणारे पाणी कोळकेवाडी धरणाच्या जलाशयात साठविले जाते व त्यावर तिसऱ्या टप्प्याचे ३२० मेगॅवॉट क्षमतेचे वीजगृह चालते. त्याचे संच १९७५ ते १९७८ या काळात कार्यान्वित झाले. चौथ्या टप्प्याचे १,००० मेगॅवॉटचे वीजगृहही आपले पाणी याच जलाशयात सोडते. अशा रीतीने सर्व वीजगृहे एकाच पाण्याने एकमेकांशी जोडलेली असल्यामुळे एका ठिकाणच्या संचालनातील बदलाची दखल दुसऱ्या ठिकाणी घ्यावी लागते.

कोयनेचा उपयोग विजेच्या कमाल मागणीच्या वेळी मोठ्या प्रमाणावर होतो. संच काही काळ बंद असले, तरी ते मागणीनुसार तातडीने सुरू करावयाचे असल्याने नियंत्रणकक्षात कर्मचारी अहोरात्र असावा लागतो. ११ डिसेंबर १९६७ रोजीचा कोयनेचा भूकंप पहाटे सव्वाचारनंतर, म्हणजे लोक साखरझोपेत असताना झाला. पाळीवरील माणूस जागेवर असणे किती महत्त्वाचे आहे, हे अशा प्रसंगांवरून कळून येते.

याच तालुक्यात चिपळूणलगत खेर्डी व कराड मार्गाच्या बाजूस गाणे-खडपोली ही औद्योगिक क्षेत्रे आहेत. परशुराम घाटापलीकडे खेड तालुक्यात लोटे-परशुराम हे रासायनिक उद्योगांचे क्षेत्र आहे. रासायनिक प्रक्रिया मध्येच थांबविता येत नसल्याने तेथील अनेक कारखाने तिन्ही पाळ्यांत चालतात. चिपळूण हे मध्यवर्ती ठिकाण धरल्यास एका बाजूस पोफळी-अलोरे व दुसऱ्या बाजूस लोटे अशी दोन भिन्न दिशांची पाळी-वाहतूक येथे एकत्र येते. कामगारांची घरे मात्र एका जागी नसून डोंगरउतारावरील विखुरलेल्या वाड्यांत असतात. अनेक वाड्यांपासून रस्त्यापर्यंत पायवाटेने किंवा ओढ्यावरील साकवावरून चालत यावे लागते.

पाळ्यांचे प्रकार : अखंड चालणाऱ्या उद्योगांत बहुधा ८ तासांच्या तीन पाळ्या असतात. साप्ताहिक सुटी देता यावी म्हणून कामगारांचे चार गट करून त्यांपैकी तीन गट कामावर व एक गट सुटीवर ठेवण्याची पद्धत रूढ आहे. गटांच्या पाळ्या ठरावीक दिवसांनी बदलतात. त्यामुळे एखाद्या वाडीतील कामगार या आठवड्यात पहिल्या पाळीस, तर पुढील आठवड्यात रात्रपाळीस जातो. परिणामी प्रवाशांची यादी बदलत राहते आणि तिन्ही वेळांच्या गाड्यांना जवळजवळ सर्व थांबे घ्यावे लागतात. यांखेरीज कार्यालयीन व देखभाल विभागांतील कर्मचारी सर्वसाधारण, म्हणजे दिवसाच्या एकाच पाळीत येतात.

एकाच औद्योगिक क्षेत्रातील कारखान्यांनी किंवा एकाच शहरातील कार्यालयांनी आपल्या कामाच्या वेळा हेतुपुरस्सर मागेपुढे ठेवणे, याला वेळांचे विभाजन म्हणता येईल. रस्त्यावरील व गाड्यांतील गर्दी कमी करणे हा त्याचा हेतू असतो. मध्य रेल्वेच्या मुंबई विभागाने नोव्हेंबर २०२३ पासून आपल्या कार्यालयीन कर्मचाऱ्यांसाठी अशा दोन वेळा ठेवल्या होत्या.

वेळापत्रकाची आखणी : पाळी-बसचे वेळापत्रक गाडी सुटण्याच्या वेळेपासून नव्हे, तर पाळी बदलण्याच्या क्षणापासून उलट क्रमाने आखतात. प्रवेशद्वारावरील नोंद, कपडे बदलणे, कामाच्या जागेपर्यंत चालणे व आधीच्या कामगाराकडून कामाची माहिती घेणे यांसाठी लागणारा वेळ प्रथम वजा करतात. त्यानंतर प्रवासाचा वेळ आणि रस्त्यावरील अनिश्चिततेसाठी राखून ठेवलेला वेळ वजा केला जातो. राखीव वेळ सरासरी विलंबावरून न ठरविता वाईट दिवशी होणाऱ्या विलंबावरून ठरवावा लागतो. कोकणात यासाठी पावसाळ्याचे वेगळे वेळापत्रक असणे इष्ट असते.

राखीव वेळ वाढविणे सोपे वाटले, तरी त्याची किंमत कामगारास द्यावी लागते. समजा, पाळी सकाळी ६ ते दुपारी २ अशी आहे, बसप्रवास ४० मिनिटांचा आहे आणि गाडी पाळीच्या १५ मिनिटे आधी पोहोचून पाळी सुटल्यावर १५ मिनिटांनी परत निघते. कामगारास ५·०५ वाजता थांब्यावर गाडी पकडावी लागते व तो २·५५ वाजता त्याच थांब्यावर उतरतो. वाडीपासून थांब्यापर्यंत २० मिनिटे चालावे लागत असेल, तर तो ४·४५ वाजता घर सोडतो व ३·१५ वाजता घरी पोहोचतो. म्हणजे ८ तासांची पाळी प्रत्यक्षात साडेदहा तासांची होते. १९४८ च्या कारखाने अधिनियमानुसार एकाच प्रकारच्या कामाच्या दोन पाळ्या एकमेकींवर येऊ देण्यास सर्वसाधारणपणे मनाई होती. त्यामुळे लवकर पोहोचल्याने होणारी प्रतीक्षा बहुधा कामाच्या वेळेत मोजली जात नाही.

गाड्यांची संख्या : वेळांचे विभाजन केले की गाड्या कमी लागतात, असा समज आहे. तो अंशतःच खरा आहे. वरील उदाहरणात कारखान्याशी ५·४५ वाजता पोहोचलेली गाडी ६·१५ वाजता सुटलेल्या कामगारांना घेऊन निघते, ६·५५ वाजता मूळ ठिकाणी येते व १० मिनिटांनी पुन्हा निघून ७·४५ वाजता कारखान्याशी पोहोचते. गाडीचे हे चक्र दोन तासांचे आहे. आता तीन कारखान्यांत प्रत्येक पाळीस प्रत्येकी २०० कामगार असून गाडीत ४४ आसने आहेत असे मानू. तिन्ही पाळ्या एकाच वेळी सुरू होत असतील आणि गाड्या सामाईक असतील, तर ६०० कामगारांसाठी १४ गाड्या लागतात.

पाळ्या अर्ध्या-अर्ध्या तासाच्या अंतराने ठेवल्यास कोणतीही गाडी दुसऱ्या कारखान्यासाठी वेळेवर परतू शकत नाही. शिवाय तीन कारखान्यांचे उरलेले प्रवासी एकत्र बसविता येत नसल्याने प्रत्येकास ५ याप्रमाणे १५ गाड्या लागतात, म्हणजे एक गाडी वाढते. अंतर एक तासाचे केल्यास पहिल्या कारखान्याच्या गाड्या तिसऱ्यास उपयोगी पडतात व १० गाड्या पुरतात. दोन तासांचे अंतर ठेवल्यास केवळ ५ गाड्यांत काम भागते. यावरून असे दिसते, की विभाजनाचा लाभ सलगपणे वाढत नाही, तर गाडीच्या चक्राच्या मानाने पायऱ्यापायऱ्यांनी मिळतो. अर्ध्या तासाच्या अंतराने प्रवेशद्वारावरील व रस्त्यावरील दाटी कमी होईल; पण गाड्या वाचणार नाहीत.

तथापि गाड्यांची बचत हा एकच निकष धरता येत नाही. वरील शेवटच्या रचनेत तिसऱ्या कारखान्याची पाळी सकाळी १०, सायंकाळी ६ व रात्री २ वाजता बदलेल. रात्री २ वाजता घर सोडणे किंवा घरी पोहोचणे कामगाराच्या झोपेच्या व सुरक्षिततेच्या दृष्टीने गैरसोयीचे आहे. गाडीचा खर्च कमी करताना त्याचा भार कामगाराच्या निद्रेवर टाकला जात नाही ना, हे पाहणे आवश्यक असते.

मार्ग, थांबे व रिकामी धाव : पाळी-बसला एक स्वाभाविक अनुकूलता असते. येणाऱ्या पाळीचे कामगार घेऊन गेलेली गाडी सुटलेल्या पाळीचे कामगार घेऊन परतते. त्यामुळे दोन्ही दिशांना भारमान चांगले राहते. सर्वसाधारण पाळीच्या गाडीस मात्र सकाळी परत येताना व सायंकाळी जाताना बव्हंशी रिकामे धावावे लागते. गाडी रात्री आगारात ठेवून पहाटे दूरच्या गावी नेणे हेही रिकाम्या धावेचेच उदाहरण होय. यावर ग्रामीण महाराष्ट्रात वस्तीच्या गाडीचा उपाय रूढ आहे. अशी एसटी रात्री शेवटच्या गावी मुक्कामास राहते व पहाटे तेथूनच निघते. पहिल्या पाळीच्या कामगारांना ही पद्धत विशेष सोयीची असते.

प्रत्येक वाडीत गाडी नेल्यास चालण्याचे अंतर कमी होते. पण आधी बसलेल्या सर्वांचा प्रवास लांबतो. थोड्या थांब्यांवर गाडी नेल्यास याच्या उलट होते. सामान्यतः दिवसा थांबे कमी ठेवून रात्रीच्या परतीच्या फेरीस मागणीनुसार मध्ये उतरण्याची मुभा देणे योग्य ठरते. कारण अंधारातील व पावसातील चालणे हे दिवसाच्या चालण्यासारखे नसते. साकव पावसाळ्यात पाण्याखाली जात असेल, तर थांब्याची जागा ऋतूप्रमाणे बदलावी लागते.

चालकांची कामे : पाळी-बससेवेत गाडीपेक्षा चालकाचा प्रश्न अधिक अवघड असतो. सकाळी ६, दुपारी २ व रात्री १० या तिन्ही बदलांसाठी वरील उदाहरणातील गाडी ५·०५ ते ६·५५, १·०५ ते २·५५ आणि रात्री ९·०५ ते १०·५५ अशी दिवसातून केवळ साडेपाच तास कामात असते. कामाचे तास थोडे दिसत असल्याने तिन्ही फेऱ्या एकाच चालकास देण्याचा मोह होतो. परंतु या चालकाचा दिवस पहाटे ५·०५ पासून रात्री १०·५५ पर्यंत पसरतो आणि पुढील कामापूर्वी त्याला जेमतेम सहा तास दहा मिनिटे मिळतात. त्यातून घरी जाणे, जेवण व उठण्याची तयारी वजा केल्यास झोपेस फारच थोडा वेळ उरतो.

१९६१ च्या मोटार परिवहन कामगार अधिनियमाने प्रौढ कामगारासाठी दिवसाला ८ व आठवड्याला ४८ तास काम, कामाचा पसारा सर्वसाधारणपणे १२ तासांपर्यंत, खंडित कामाचे जास्तीत जास्त दोन भाग आणि दोन दिवसांच्या कामांदरम्यान किमान सलग ९ तास विश्रांती अशा मर्यादा घातल्या होत्या. वरील एकचालकी रचना यांपैकी पसारा, भाग व विश्रांती या तिन्ही मर्यादांचा भंग करते, जरी चालविण्याचे तास ८ पेक्षा पुष्कळ कमी असले तरी. म्हणून चोवीस तासांच्या सेवेस प्रत्येक गाडीमागे किमान दोन चालक व त्यांच्या सुट्यांसाठी बदली चालक धरावे लागतात. दोन फेऱ्यांमधील रिकाम्या वेळात शाळकरी मुलांची किंवा सर्वसाधारण कर्मचाऱ्यांची वाहतूक जोडता येते. परंतु हा वेळ चालकाची विश्रांती म्हणूनही धरावयाचा व दुसऱ्या फेरीस वापरावयाचाही, असे दुहेरी मोजमाप करता येत नाही.

व्यत्यय व पर्यायी व्यवस्था : पाळी-बससेवेची खरी कसोटी नेहमीचा क्रम बिघडतो तेव्हा लागते. परशुराम घाटातील रुंदीकरणाच्या कामासाठी २०२२ च्या एप्रिल-मे महिन्यांत हा घाट दररोज दुपारी १२ ते ५ या वेळात वाहतुकीस बंद ठेवण्यात येत असे. दुपारी २ किंवा ३ वाजता पाळी बदलणाऱ्या कारखान्याच्या दृष्टीने येणारी व जाणारी अशा दोन्ही पाळ्या या बंदच्या वेळेत सापडतात. अशा वेळी चिरणी–आंबडस यांसारख्या आडमार्गाने लहान वाहने नेणे किंवा पाळीची वेळ तात्पुरती बदलणे, एवढेच पर्याय उरतात.

२२ जुलै २०२१ च्या महापुरात चिपळूण शहर व तेथील एसटी आगार पाण्याखाली गेले आणि वाशिष्ठी नदीवरील पुलाचे नुकसान झाले. सर्व गाड्या एकाच सखल ठिकाणी उभ्या ठेवण्यातील धोका या घटनेने स्पष्ट झाला. अलोरे-पोफळीसारख्या मार्गाच्या वरच्या टोकास काही गाड्या मुक्कामास ठेवल्या, तर खालचा रस्ता बंद झाला असताही वरच्या बाजूच्या कर्मचाऱ्यांना कामावर नेता येते. अत्यावश्यक कामांसाठी वसाहतीत राहणाऱ्या कर्मचाऱ्यांची राखीव यादी ठेवणे हा याचाच पूरक उपाय होय. या दृष्टीने वसाहत व बस ही परस्परांना पर्याय नसून पूरक साधने आहेत. ऑक्टोबर २०२१ अखेरीपासून एप्रिल २०२२ पर्यंत चाललेल्या एसटी कर्मचाऱ्यांच्या संपाने एकाच सेवेवर विसंबून राहण्याच्या मर्यादाही दाखवून दिल्या.

कायदेशीर तरतुदी : १९८८ च्या मोटार वाहन अधिनियमात मालकाने आपल्या व्यवसायाच्या संदर्भात, भाडे न आकारता, माणसांची ने-आण करण्यासाठी वापरलेल्या, चालक सोडून सहापेक्षा अधिक माणसांच्या वाहनास खाजगी सेवा वाहन म्हटले असून त्यासाठी वेगळा परवाना लागतो. भाड्याने घेतलेली गाडी कंत्राटी वाहन म्हणून, तर तिकीट घेऊन थांब्याथांब्यावर प्रवासी घेणारी एसटी टप्पा वाहन म्हणून चालते.

कामावर जाता-येतानाचा अपघात हा कामातील अपघात मानावा काय, हा प्रश्न न्यायालयांपुढे वारंवार आला आहे. मुंबईच्या बेस्ट उपक्रमाचा एक चालक काम संपवून उपक्रमाच्याच बसने घरी जात असता अपघातात मरण पावला. सर्वोच्च न्यायालयाने १९६३ मध्ये हा अपघात नोकरीच्या ओघातच घडल्याचा निर्णय दिला. कर्मचारी राज्य विमा अधिनियमात २०१० मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार घर व कामाचे ठिकाण यांदरम्यानच्या प्रवासातील अपघातही, वेळ, स्थळ व परिस्थिती यांवरून त्याचा कामाशी संबंध दिसून येत असल्यास, कामातील अपघात मानण्यात येऊ लागला.

कारखाने अधिनियमाने स्त्रियांचे काम सर्वसाधारणपणे सकाळी ६ ते सायंकाळी ७ या वेळेपुरते मर्यादित ठेवले होते. २०१७ च्या महाराष्ट्र दुकाने व आस्थापना अधिनियमाने स्त्रियांना त्यांच्या संमतीने रात्रीही काम करण्यास मुभा दिली. मात्र संरक्षणाबरोबर घराच्या दारापर्यंत वाहनाची सोय ही अट घातली. कारखाने अधिनियम व मोटार परिवहन कामगार अधिनियम यांची जागा घेणारी २०२० ची व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अंमलात आली. तीतही रात्रीच्या कामासाठी स्त्रियांची संमती व सुरक्षिततेची व्यवस्था आवश्यक मानली आहे. त्यामुळे वाहतुकीची सोय ही सवलत न राहता स्त्रियांना काम मिळण्याची पूर्वअट बनली आहे.

आर्थिक बाजू : सेवेचा खर्च मालकाने करावा, कामगाराच्या वेतनातून अंशतः कापावा किंवा सार्वजनिक सेवेच्या पासच्या रूपाने विभागावा, असे तीन मार्ग आहेत. मोठा कारखाना स्वतःच्या गाड्या चालवू शकतो. लहान कारखान्यांस ते परवडत नसल्याने औद्योगिक क्षेत्रातील अनेक कारखान्यांनी मिळून सामाईक सेवा चालविणे किफायतशीर ठरते. यासाठी पाळ्यांच्या वेळा परस्परसंमतीने ठरवाव्या लागतात. खर्चाचा हिशेब प्रतिकिलोमीटर दराने केला, तर पहाटेची अर्धी भरलेली गाडी तोट्याची दिसते. तीच गाडी न आल्यामुळे थांबलेले काम, सलग दुसऱ्या पाळीस राहिलेल्या कामगाराचे जादा वेतन व त्याच्या थकव्यातून संभवणारे अपघात यांचा हिशेब त्या दरात येत नाही.

मूल्यमापन : पाळी-बससेवेचे यश केवळ भारमानावरून मोजणे पुरेसे नसते. किती गाड्या पाळीपूर्वी वेळेवर पोहोचल्या, बदली कामगार न आल्याने किती जणांना थांबावे लागले, कामगाराचा घरापासून घरापर्यंतचा दिवस किती तासांचा झाला आणि चालकास सलग किती तास विश्रांती मिळाली, या चार नोंदी नियमितपणे ठेवल्यास सेवेतील दोष वेळीच ध्यानात येतात. मुख्य मार्गापासून दूर असलेल्या वाड्यांच्या व वसाहतींच्या परिसरात या नोंदींना विशेष महत्त्व आहे. कारण तेथे चुकलेल्या पाळी-बसला बहुधा दुसरी गाडी नसते.